किरडू नव्हतं, कलाटणी होती

मे महिन्यातली भर दुपार. वेंगुर्ल्याजवळच्या उभादांड्यातल्या घरी सगळे फणसाची भाजी आणि सोलकढी हाणून आडवे झाले होते. तेवढ्यात पडवीतून भाची अशी काही किंचाळली की माझी आई माजघरातून हातात काठी घेऊनच बाहेर आली. "खंय गेला किरडू?" आमच्याकडे कोणी असं ओरडलं की आधी किरडू, म्हणजे साप, मग बाकीची कारणं. भाची झोपाळ्यावर मोबाईल छातीशी धरून बसली होती, डोळे एवढे मोठे. "आजी, ते छळणारे आहेत ना, त्यांनीच…" एवढं बोलून ती थांबली आणि परत मोबाईलमध्ये शिरली. आईने काठी भिंतीला टेकवली. "मगे बोंबललंस कित्याक?"

मग ओरडलीस कशाला, हा प्रश्न हल्ली घरोघरी पडतो. कॉलेजात जाणारी पोरं मोबाईलवर शेकडो भागांच्या चित्रकथा वाचतात, एकट्याने हसतात, किंचाळतात, रात्री साडेबाराला मैत्रिणीला फोन करतात आणि कुठल्याशा काल्पनिक पोराच्या दुःखात दोन दिवस नीट जेवत नाहीत. मीही आधी नाक मुरडलं होतं. मग त्या सुट्टीत तिच्या शेजारी बसून वाचायला लागलो. आईच्या प्रश्नाचं जे उत्तर मला सापडलं, ते असं.

आधी ही वस्तू काय ते बघू

इंटरनेटवरच प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथेला वेबकॉमिक म्हणतात. तिच्या ढोबळ दोन तऱ्हा आहेत. एकीत पुस्तकासारखी पानं असतात, खालचा दुवा दाबला की पुढचं पान येतं. दुसरीत पान हा प्रकारच नाही. चित्रं एकाखाली एक लावलेली, आपण अंगठ्याने वर सरकवत जायचं. ही दुसरी तऱ्हा दक्षिण कोरियात या शतकाच्या सुरुवातीला रुजली. तिला वेबटून म्हणतात. मोबाईलच्या उभ्या पडद्यात ती अशी चपखल बसली की तिथून जगभर गेली.

भाची वाचत होती ती पहिल्या तऱ्हेची, नाव होमस्टक. अमेरिकेतल्या अँड्र्यू हसी यांनी ती १३ एप्रिल २००९ ला सुरू केली आणि बरोबर सात वर्षांनी, १३ एप्रिल २०१६ ला संपवली. पानं आठ हजारांच्या वर. एका पानावर सहसा एक चित्र आणि खाली मजकूर, मध्येच हलती चित्रं, संगीत, एखादा छोटा खेळसुद्धा. सुरुवातीला गोष्टीतल्या पोराने पुढे काय करावं हे वाचक सुचवायचे. पुढे वाचकच इतके वाढले की ती पद्धत सोडून द्यावी लागली. गोष्ट सुरू होते तेव्हा जॉन नावाचा मुलगा आपल्या तेराव्या वाढदिवशी खोलीत उभा असतो आणि खाली त्याचा बाप केक भाजत असतो. मग कितीतरी पानं तो खोलीतल्या वस्तू उचलण्यात आणि ठेवण्यात घालवतो. मी तिथे दोनदा झोपलो. (शिव्या आणि रक्तपात बराच आहे. सतरा वर्षांच्या भाचीला चालेल, सहावीतल्या पोराला देऊ नका.)

कोकणातल्या माणसाने मात्र 'चित्रं दाखवून गोष्ट सांगणे' याचं फार नवल करू नये. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यानपिढ्या चित्रकथी सादर करत आलेत. कागदावर रंगवलेली चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. अशा संचाला पोथी म्हणतात. एक चित्र समोर ठेवायचं, त्यावरचा कथाभाग गाऊन सांगायचा, मग पुढचं चित्र. याच परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

पोथीत पुढचं चित्र कधी दिसणार हे निवेदकाच्या हातात असतं. छापील पुस्तकात ते वाचकाच्या हातात जातं, आणि तिथे चित्रकाराची पंचाईत होते. समोरासमोरची दोन पानं एकदम दिसतात, त्यामुळे उजव्या पानाच्या तळाशी बॉम्ब ठेवला तर डावं पान उघडतानाच डोळा तिकडे जातो. म्हणून मुरलेले चित्रकार धक्का पान उलटल्यावर ठेवतात. मोबाईलवर ही अडचणच नाही, कारण पडद्यात मावेल तेवढंच दिसतं. वेबटूनवाले तर धक्क्याच्या आधी नुसती काळी किंवा पांढरी मोकळी जागा सोडतात. अंगठा सरकत राहतो, काहीच येत नाही, अजून काहीच नाही, आणि मग येतं. पिंगुळीचा निवेदक चित्र बदलायच्या आधी सूर लांबवतो, तोच हा डाव.

शहाळं कोणी फोडलं?

आता मुद्द्याचा एक शब्द. चित्रकथेतल्या एका चौकटीला पॅनेल म्हणतात आणि दोन पॅनेलांमधल्या रिकाम्या फटीला गटर. गटर म्हटल्यावर आपल्याला बाजारपेठेतला पावसाळा आठवतो. म्हणून मी फटच म्हणेन.

समजा, पहिल्या चौकटीत माणसाने शहाळ्यावर कोयता उगारलाय. दुसऱ्या चौकटीत बाईच्या हातात स्ट्रॉ खुपसलेलं शहाळं आहे. शहाळं फोडताना कोणी दाखवलं? कोणीच नाही. ते तुम्ही फोडलंत, त्या फटीत. एवढंच नाही, माणसाने ते त्याच बाईला दिलं, तिथेच दिलं, मिनिटाभरात दिलं, हेही तुम्हीच ठरवलंत. अमेरिकी चित्रकार स्कॉट मॅकक्लाउड यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात हेच सोदाहरण मांडलं: चित्रकथेतली अर्धी गोष्ट चौकटींत असते, उरलेली फटींत, आणि फटींतली गोष्ट वाचक रचतो.

सगळ्या किंचाळण्याचं मूळ या फटीत आहे. आठ हजार पानं वाचणारा माणूस हजारो फटी आपल्या मनाने बुजवत जातो. बहुतेक बरोबर बुजवतो, म्हणून त्याला आपण काही करतोय हे जाणवतही नाही. लेखक त्यातल्या दोन-चार फटी अशा ठेवतो की आपण हमखास चुकीचा चिरा बसवावा. पुढे कधीतरी तो चिरा उपटून दाखवतो. त्याला कलाटणी म्हणायचं.

रापणीचे दोन दोर

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढताना पाहिली असेल. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. नवखा पर्यटक येतो तेव्हा त्याला काय दिसतं? इथे पंधरा-वीस माणसं एक दोर ओढतायत, तिकडे बऱ्याच लांब आणखी पंधरा-वीस माणसं दुसराच दोर ओढतायत. त्याला वाटतं दोन वेगळी कामं चाललीत. ओढता ओढता दोन्ही घोळके एकमेकांकडे सरकत येतात. तास उलटतात. मग पाण्यात बुडबुडे दिसतात, घारी घिरट्या घालायला लागतात आणि कळतं की जाळं एकच होतं.

लांबलचक चित्रकथा अशीच ओढली जाते. मी एक छोटी गोष्ट रचून दाखवतो. समजा, एका खाडीकाठची कथा आहे. एका भागात एक मुलगी संध्याकाळी धक्क्यावर बसून होडीची वाट बघतेय. पुढच्या भागात एक मुलगा होडीत बसून त्याच धक्क्याकडे येतोय. पुन्हा मुलगी, पुन्हा मुलगा. पन्नास भाग हेच. आपण मनात कधीच पक्कं केलेलं असतं की ही त्याचीच वाट बघतेय, आज दोघं भेटणार. एक्कावन्नाव्या भागात होडी लागते, मुलगा उतरतो आणि धक्का रिकामा. तो समोरच्या घरात जातो, तिथे भिंतीवर हार घातलेला फोटो. फोटोत तीच मुलगी, सत्तर वर्षांची. ती त्याची आजी.

इथे वाचक काय करतो? पुढे जात नाही. अंगठा उलटा फिरवतो, मागे जातो आणि बघतो: मुलीच्या प्रत्येक चित्रात धक्क्याच्या पायऱ्या जांभ्याच्या आहेत, तांबड्या, खडबडीत. मुलाच्या प्रत्येक चित्रात त्या सिमेंटच्या, करड्या. पन्नास वेळा डोळ्यांसमोर होतं. आपल्याला वाटलं संध्याकाळचा उजेड दाखवायला रंग बदलला असेल. 'एकच संध्याकाळ' हा शब्द लेखकाने कुठेही लिहिला नव्हता. तो चिरा आपला होता.

म्हणजे धक्का एक्कावन्नाव्या भागात बसला खरा, पण घडला तो आधीच्या पन्नासांत. माझ्या मते कलाटणीबद्दल लोकांचा जो गैरसमज असतो तो हाच. त्यांना वाटतं, पुढे काहीतरी अचाट घडलं म्हणून पोर ओरडली. पुढे फार तर एक फोटो दिसलेला असतो.

होमस्टक वाचायचा बेत असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. चार मुलांना चॅटवर काही अनोळखी टवाळ सतत छळत असतात. प्रत्येकाच्या अक्षरांचा रंग वेगळा, टायपायची तऱ्हा वेगळी, जसं आपल्याकडे तोंड उघडलं की मालवणचा कोण आणि संगमेश्वरचा कोण ते कळतं. वाचक त्यांना रिकामटेकडे समजून पानं उलटत जातो. मग कळतं की ते परग्रहावरचे आहेत आणि ज्या विश्वात ही मुलं जन्मली ते विश्वच त्या टवाळांच्या एका खेळातून निर्माण झालंय. वर आणखी, बोलणी सरळ क्रमाने झालेलीच नाहीत. त्यांच्यातला एक चिडका जॉनशी शेवटाकडून सुरुवातीकडे बोलत आलाय, म्हणून त्याची पहिली ओळख जॉनसाठी जुनी आणि जॉनची पहिली ओळख त्याच्यासाठी जुनी. हे कळल्यावर मागची सगळी भांडणं पुन्हा वाचावी लागतात आणि ती आधीची भांडणं राहत नाहीत. आईने काठी उचलली होती ती या जागी.

पण प्रत्यक्ष ओरडायला काय झालं?

गावात सकाळी वस्तीची एसटी सुटते. रोज सुटते, म्हणून तिच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही. एके दिवशी तिच्या जागी चकचकीत नवी गाडी उभी राहिली तर अख्खा नाका बघतो. गाडी आलीच नाही, तरीही अख्खा नाका बघतो. लक्ष वेधतं ते अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या फरकाने.

मेंदूत साधारण असंच चालतं. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग गाजलेले आहेत. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी जोरात चेततात. रसाच्या आधी दिवा लागतो हे माकड शिकलं की त्या पेशी दिव्यालाच चेततात, रस आला तरी गप्प. आणि दिवा लागून रस आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही मंदावते. डोपामिनला लोक सरसकट 'आनंदाचं रसायन' म्हणून मोकळे होतात. इथे ते जास्त करून 'अंदाज चुकला, नोंद घे' असं सांगतंय. अर्थात माकडाच्या रसावरून आठ हजार पानांच्या गोष्टीवर उडी मारणं जरा लांबचं आहे, हे मान्य. पण दिशा कळते.

कलाटणीत मात्र अंदाज एक चुकत नाही, ओळीने शंभर चुकतात. मुलगी आजी निघाली की तिचं गाणं, तिची साडी, तिने ज्याची वाट बघितली तो माणूस, सगळ्याची फेरमांडणी करायची असते, आणि ती मेंदू दोन-तीन सेकंदांत सुरू करतो. मिरगाचा पहिला पाऊस आला की अंगणातलं सगळं वाळवण, आमसुलं, साठं, सुकी मासळी, सुपं, एका दमात आत आणावं लागतं. तेव्हा घरातली बाई ओरडतेच ना? तसलं ते ओरडणं.

म्हणून प्रतिक्रियाही सारख्या नसतात. भाचीचं निरीक्षण करून मी तीन ओळखायला शिकलो. किंचाळते तेव्हा फेरमांडणी सुरू झालेली असते. एकदम गप्प होऊन मागे जाते तेव्हा ती पुरावे तपासत असते. आणि 'ह्यॅ!' करून मोबाईल गादीवर टाकते तेव्हा लेखकाने लबाडी केलेली असते.

लेखक लपवतो, तर त्याचा राग का येत नाही?

येतो की. 'ह्यॅ!' म्हणजे तोच राग. पण लपवणं आणि खोटं बोलणं यात वाचक फार नेमका फरक करतो. जांभ्याच्या पायऱ्या समोर होत्या. आपण बघितल्या नाहीत, तर चूक आपली, आणि ती कबूल करण्यात एक गंमत आहे. त्याऐवजी एक्कावन्नाव्या भागात 'हे सगळं मुलाचं स्वप्न होतं' असं निघालं असतं तर मागे जाऊन बघण्यासारखं काय उरलं? काहीच नाही. पन्नास भागांचा वेळ खाडीत.

ॲरिस्टॉटलने हा निकष फार पूर्वी सांगून ठेवलाय. घटना अनपेक्षित असावी, पण आधीच्या घटनांतूनच निघालेली असावी, तेव्हा ती सर्वांत जास्त परिणाम करते. दोन्ही अटी एकदम पाळायच्या म्हणजे लेखकाची कसरत. पहिलीच पाळली की स्वप्न निघतं. दुसरीच पाळली की वाचकाला दहाव्या भागात सगळं कळतं.

सात-आठ वर्षं चालणाऱ्या कथेत आणखी एक भानगड असते. आधीचे भाग लोकांनी वाचून झालेत, आता मागे जाऊन खोडता येत नाही. लेखकाला मध्येच नवी कल्पना सुचली तर तो जुन्या घटनेला नवा अर्थ चिकटवतो: अमुक मेलाच नव्हता, फक्त बेशुद्ध होता. जुन्या घराला नवी पडवी काढतात तसं. कधी पडवी इतकी बेमालूम जुळते की मुळातलीच वाटते. कधी पहिल्या पावसात सांध्यातून पाणी गळतं. मुरलेल्या वाचकाला ते गळणं लगेच दिसतं. पण सगळं आधीपासून ठरलेलं असलंच पाहिजे हा हट्ट मला पटत नाही. जुळलं म्हणजे झालं.

"माका आधीच ठावक होता"

प्रत्येक घरात एक काका असतो. निवडणुकीचा निकाल, क्रिकेटचा सामना, शेजारच्या पोरीचं लग्न, काहीही झालं की त्याचं ठरलेलं वाक्य: "माका आधीच ठावक होता." काका खोटं बोलत नसतो, हे मला अलीकडे कळलं. बारूख फिशॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये दाखवलं की निकाल कळल्यावर माणसाला तोच निकाल आधीपासून उघड दिसत होता असं मनापासून वाटू लागतं. आपण आधी काय समजत होतो, हे त्याला नीट आठवतच नाही. नवीन मांडणी जुनीवर अशी बसते की जुनी दिसेनाशी होते.

कलाटणीनंतर अगदी हेच होतं. दहा मिनिटांपूर्वी किंचाळणारा वाचक दुसऱ्या दिवशी सांगतो, मला संशय होताच. भाचीने यावर जालीम उपाय काढलाय: दोनशे पानी वही. जाड पुठ्ठ्याची, वर चिपळूणच्या दुकानाचा शिक्का. डाव्या पानावर वाचताना जे वाटलं ते, तारीख आणि पान क्रमांकासकट. उजव्या पानावर पुढे काय होणार याचा अंदाज, शाईने. पेन्सिल चालत नाही, कारण पेन्सिलीचं खोडता येतं. मी वही चाळली. "हा चिडका आवडत नाही. लवकर मरेल." त्यापुढे दोन महिन्यांनंतरच्या तारखेला लाल शाईत: "मी गाढव आहे." एका पानावर नुसतंच तीन वेळा "नाही नाही नाही", आणि बाजूला आंब्याच्या रसाचा डाग.

गंमत म्हणून मीही लिहायला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात माझी खोड मला कळली. मी म्हाताऱ्या पात्रांवर नेहमी विश्वास ठेवतो. भाची कोणावरच ठेवत नाही, फक्त प्राण्यांवर ठेवते. फटी बुजवायचे चिरे प्रत्येक जण आपापल्या खाणीतून आणतो. वहीशिवाय हे मला जन्मात कळलं नसतं.

शेवट आधीच सांगितला तर सगळं फुकट?

गोष्टीतलं गुपित आधीच फोडण्याला पोरं 'स्पॉइलर' म्हणतात आणि त्यावरून मैत्री तुटायची वेळ येते. खरंच एवढं बिघडतं का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी २०११ मध्ये लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरी थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलटं निघालं, म्हणजे गुपित फुटल्याने मजा कमी झाली. वाद मिटलेला नाही.

आपल्याकडे याचं उत्तर जत्रेत मिळतं. दशावतारी नाटक बघायला माणूस देवळाच्या आवारात गोणपाट अंथरून रात्रभर बसतो. आधी गणपती, सरस्वती, मग सगळ्यांना हसवणारा संकासुर, आणि त्यानंतर आख्यान. आख्यानाचा शेवट शेंबड्या पोरालाही ठाऊक. दैत्य मरणार, देव जिंकणार, पहाट होणार. तरी कोणी उठून जात नाही. कारण लिहिलेली संहिताच नसते. नट संवाद जागच्या जागी रचतात, आणि आजचा नारद काय म्हणून भांडण लावेल हे खुद्द समोरच्या नटालाही माहीत नसतं. 'काय होणार' हे सगळ्यांना ठाऊक असतं, 'कसं होणार' हे कोणालाच नाही.

म्हणून माझं मत असं: जी गोष्ट 'कसं' वर उभी आहे तिचा शेवट सांगितला तरी फारसं बिघडत नाही. जी फटींवर उभी आहे, तिचा सांगितला तर बिघडतं. जांभ्याच्या पायऱ्यांची गोष्ट मी वर तुम्हाला सांगून टाकली. आता ती तुम्हाला कोणी चित्रांत काढून दिली तरी चुकीचा चिरा तुम्ही बसवणार नाही. ती चूक करायची संधी मी घालवली. पोरं भांडतात ती त्या संधीसाठी. तरी दुसऱ्यांदा वाचण्यात वेगळी मजा आहेच, तेव्हा आपण वाचकाच्या पंगतीतून उठून लेखकाच्या पंगतीला जाऊन बसतो आणि पायऱ्या बघून गालात हसतो.

हे व्यसन नाही का?

आई हा प्रश्न विचारणारच होती. उत्तर थोडं हो, थोडं नाही.

भागाच्या शेवटी लटकवून ठेवणं ही मोबाईलची करामत नाही. १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकात ह. ना. आपट्यांच्या कादंबऱ्या भागाभागाने यायच्या. 'क्रमशः' हा शब्द बघून चरफडलेल्या किती पिढ्या होऊन गेल्या. अर्धवट राहिलेली गोष्ट माणसाला स्वस्थ बसू देत नाही, हे १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ब्ल्यूमा झायगार्निक आणि मारिया ओव्हसियांकिना या दोघींनी तपासलं. अर्धवट काम जास्त लक्षात राहतं, हा झायगार्निक यांचा निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत नेहमी टिकला नाही. पण मध्येच तोडलेलं काम माणूस संधी मिळताच परत हाती घेतो, हे ओव्हसियांकिना यांचं निरीक्षण बरंच टिकलं.

नवीन आहे ती त्या ओढीची विक्री. काही वेबटून ॲपवर पुढचे भाग आठवडाभर थांबलात तर फुकट, आत्ता हवे असतील तर पैसे. लटकवून ठेवायचं कौशल्य आणि गल्ला एकाच माणसाच्या हातात आला की कथा गल्ल्याकडे झुकते, दर भागाला कलाटणी हवी होते आणि मग एकाही कलाटणीत दम राहत नाही. अशा चित्रकथा मी दोन वाचल्या. रोज बांगड्याचं तिखलं जेवल्यासारखं झालं. तिखलं वाईट नव्हतं.

पण जी पोर थांबून मागे जाते, पान क्रमांक लिहून ठेवते, आपण चुकलो ते लाल शाईत कबूल करते, तिला मी व्यसनी म्हणणार नाही. रात्री दोनपर्यंत जागते तेव्हा म्हणतो, आणि मोबाईल काढून घेतो.

बोगद्यात

जूनच्या पहिल्या आठवड्यात चिपळूणला माझं काम होतं, म्हणून मी आणि भाची तिकडे गेलो. येताना ती परत बरोबर आली, दोन दिवसांसाठी. दिवसाची गाडी, खिडकीची जागा, संगमेश्वर गेलं तेव्हा ती सात हजारांच्या पुढच्या पानावर होती. मांडीवर वही. उक्षी गेलं. तिने श्वास रोखला, पानाखालचा दुवा दाबला आणि त्याच क्षणी गाडी करबुडेच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटर, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब बोगदा. नेटवर्क गेलं. पडद्यावर पांढरं पान आणि मधोमध फिरणारं चक्र.

"मामा, हे वेबटूनवाले करतात तसं झालं," ती अंधारातून म्हणाली, "मोकळी जागा." मग डब्यातल्या दिव्याखाली वही धरून लिहायला लागली. बोगद्याचा आवाज इतका की पेनची कुरकुर ऐकू येत नव्हती. मीही डोकावून माझा एक अंदाज लिहायला लावला: म्हातारा वाचवेल.

उजेड आला. भोके स्टेशनच्या आसपास चक्र थांबलं आणि चित्र वरून खाली हळूहळू उघडत गेलं. तिचे तीन अंदाज होते आणि माझा एक. चारही चुकले. समोरच्या बाकावरच्या आजींनी पिशवी उचलून पाय वर घेतले आणि बाकाखाली बघितलं.